भूलभुलैयाच्या मालकिणीला मधाचा घडा

पाच पुस्तकांच्या मालिकेतलं चौथं पुस्तक आधी वाचायचं, हा काही शहाणपणाचा मार्ग नव्हे. पण भाचीच्या कपाटात तेवढंच शिल्लक होतं. पहिली तीन मैत्रिणींकडे फिरतीवर, पाचवं तिच्या स्वतःच्या उशाशी. बाहेर पाऊस, माझा लॅपटॉप मी मुद्दाम घरी ठेवून आलेलो, आणि टीव्हीवर कुठलासा डब केलेला सिनेमा. तेव्हा "काही कळलं नाही तर मला विचार हं मामा" अशा आश्वासनासह रिक रायर्डनचं 'द बॅटल ऑफ द लॅबिरिन्थ' माझ्या हातात पडलं आणि शनिवार-रविवार त्यातच गेला. नंतरचे दोन-तीन वीकेंड त्या पुस्तकानं उघडलेल्या दारांमधून फिरण्यात गेले. आजचा लेख त्या फिरण्याचा. (पुस्तक वाचायचं असेल तर इथेच थांबा, पुढे बरंच काही फुटणार आहे.)

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रीक देव अजून जिवंत आहेत, सध्या अमेरिकेत राहतात, आणि माणसांपासून त्यांना झालेली मुलं उन्हाळ्यात एका शिबिरात तलवारबाजी शिकतात. नायक पर्सी जॅक्सन हा समुद्रदेव पोसायडनचा मुलगा. वर्गात लक्ष लागत नाही, अक्षरं डोळ्यांपुढे नाचतात. रायर्डन टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोचा, शाळेत इतिहास आणि इंग्रजी शिकवायचा. त्याच्या स्वतःच्या मुलाला वाचनाची हीच अडचण होती. रात्री झोपताना त्याला ग्रीक पुराणकथा सांगता सांगता कथा संपल्या, म्हणून बापानं नवीन रचल्या. त्यातून २००५ साली पहिलं पुस्तक आलं, आणि मग दर वर्षी एक असं करत २००९ ला पाचवं. आमचं चौथं २००८ चं.

मधल्या पुस्तकाची एक गंमत असते. पहिल्याला ओळखी करून द्याव्या लागतात, शेवटच्याला सगळे हिशेब मिटवावे लागतात. मधलं मोकळं असतं. रायर्डननं त्या मोकळिकीचा फायदा घेऊन आख्खी कथाच जमिनीखाली नेली आहे. डीडॅलसनं बांधलेला लॅबिरिन्थ, म्हणजे तो प्रसिद्ध भूलभुलैया, क्रीट बेटावर संपलाच नाही. तो वाढत राहिला, स्वतःहून, आणि आता अमेरिकेच्या पोटात पसरलाय. एका खडकाच्या फटीतून आत शिरा, चार पावलं चाला, हजार मैलांवर बाहेर या. शत्रूला तोच रस्ता वापरून शिबिरावर चाल करायची आहे, म्हणून पर्सी आणि मंडळी डीडॅलसला शोधायला आत उतरतात.

वाटेत एक स्फिंक्स भेटते. कोडं सुटलं तर पुढे जा, नाही तर खाणार. पण ती कोडं घालतच नाही. अमक्या देशाची राजधानी, तमक्याचं वर्गमूळ असले प्रश्न, आणि उत्तरं तपासायला यंत्र! यावर अॅनाबेथ, म्हणजे अथेनाची हुशार मुलगी, चिडून म्हणते की ही काय परीक्षा झाली? यात विचार कुठे आहे? बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेत तीन तास गोल काळे केलेल्या प्रत्येकानं हे पान वाचावं. शाळामास्तर लेखक असल्याचे असे फायदे असतात.

पण मला खरा धरून ठेवला तो डीडॅलसनं. आपल्या धंद्यातला माणूस हो! मूळ पुराणकथेतसुद्धा त्याचं काम बघा. क्रीटचा राजा मिनोस पोसायडनकडे एक बैल मागतो, बळी देण्याचं कबूल करतो, आणि बैल इतका देखणा निघतो की देतच नाही. देव रागावतो, राणी पासिफेईला त्या बैलाचंच वेड लावतो. राणी डीडॅलसकडे जाते, तो तिला आत शिरता येईल अशी लाकडी गाय बनवून देतो. त्यातून बैलाच्या डोक्याचा मुलगा होतो, मिनोटॉर. मग राजा येतो: हे लपव. डीडॅलस लॅबिरिन्थ बांधून देतो. मग राजकन्या आरिआद्ने येते: माझा थीसियस आत जातोय, बाहेर कसा येईल? डीडॅलस दोऱ्याची युक्ती सांगतो. राजा संतापून त्याला मुलासकट कोंडतो, तेव्हा तो पंख बनवतो आणि त्यात मुलगा इकॅरस समुद्रात पडून मरतो. एकाच माणसानं स्वतःच्याच कामावर एकामागून एक पॅच मारलेत, आणि प्रत्येक पॅचनं आधीपेक्षा मोठा घोळ केलाय. कोणीही येऊन काही मागितलं, यानं करून दिलं. "हे कशासाठी पाहिजे?" हा प्रश्न आख्ख्या कथेत तो एकदाही विचारत नाही.

त्याआधीचीही एक गोष्ट आहे आणि रायर्डननं ती टाळलेली नाही. अथेन्समध्ये असताना त्याचा भाचा त्याच्या हाताखाली शिकत होता. पोरानं करवत शोधून काढली. पोरगा आपल्या पुढे जाणार हे दिसल्यावर मामानं त्याला अक्रोपोलिसवरून खाली ढकललं. (भाचीच्या घरी बसून हे वाचताना जरा चमत्कारिकच वाटतं.) कादंबरीतला डीडॅलस यंत्रमानवाचं शरीर घेऊन दोन हजारांवर वर्षं मरण टाळत बसलाय. तो शेवटी थांबतो, आपला लॅपटॉप अॅनाबेथच्या हवाली करतो आणि मरतो. त्याच्याबरोबर लॅबिरिन्थही कोसळतो. पाताळात त्याला शिक्षा काय मिळते? कायमचे उड्डाणपूल बांधायचे. पुण्यात राहणाऱ्या माणसाला या शिक्षेचं गांभीर्य वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत सगळं छान. पण पुस्तक मिटल्यावर माझ्या डोक्यात एक खडा राहिला. मिनोस. कादंबरीत तो भूत होऊन येतो आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दुष्टच आहे. त्याची बाजू कोणीच सांगत नाही. सांगणार कोण? नायिका अथेनाची मुलगी, डीडॅलस मूळ अथेन्सचा आणि या पुस्तकात तर अथेनाचाच मुलगा, थीसियस अथेन्सचा राजपुत्र. हा सगळा मामला अथेन्सनं सांगितलेला आहे. दर नऊ वर्षांनी सात मुलगे आणि सात मुली खंडणी म्हणून राक्षसाच्या घशात घालायला लागत, आणि आमच्या वीरानं त्यातून सोडवलं, असं अथेन्स म्हणतं. क्रीट काय म्हणत होतं?

याची उत्सुकता जुन्या लोकांनाही होती, हे वाचून बरं वाटलं. प्लुटार्कनं थीसियसचं चरित्र लिहिलंय, साधारण १,९०० वर्षांपूर्वी. त्यात तो फिलोकोरस नावाच्या अथेन्सच्याच इतिहासकाराचा हवाला देऊन क्रीटच्या लोकांचं म्हणणं नोंदवतो. ते असं, की लॅबिरिन्थ हा साधा तुरुंग होता, आत राक्षस वगैरे काही नाही, फक्त पळून जाता येत नसे. मिनोस आपल्या मेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ खेळांचे सामने भरवी आणि जिंकणाऱ्याला अथेन्सची ती मुलं गुलाम म्हणून बक्षीस देई. हेही काही सज्जनपणाचं नाही, पण मुलं खाण्यापेक्षा बरंच खाली. बैल-माणूस कुठून आला? तर टॉरस नावाचा एक उर्मट सेनापती होता म्हणे. आणि ग्रीकमध्ये टॉरस म्हणजे बैल.

त्याहून मला आवडली ती प्लुटार्कनं जाता जाता मारलेली कोपरखळी. होमर आणि हेसिअड मिनोसबद्दल आदरानं बोलतात, मग तो इतका बदनाम कसा झाला? कारण अथेन्समध्ये नाटकं होती. ज्या शहराकडे भाषा आणि वाङ्मय आहे त्याच्याशी वैर घेणं महागात पडतं, अशा अर्थाचं तो बोलतो. आपल्याकडच्या बखरी आणि शाहिरी वाचणाऱ्यांना हे लगेच पटेल. एखाद्या सरदाराची लढाईत हार होते ती एकदाच; पोवाड्यात, नाटकात, मग सिनेमात ती पुन्हा पुन्हा होत राहते.

आता गंमत अशी, की क्रीटची बाजू खरोखरच जमिनीखाली पडून होती.

१८७८ साली क्रीटमधल्या एका व्यापाऱ्यानं नोसॉसच्या टेकडीवर खणायला सुरुवात केली. त्याचं नाव मिनोस कालोकेरिनोस. हो, मिनोसच! त्याला कोठारं सापडली, माणूस आत उभा राहील एवढाले रांजण सापडले. पण क्रीट तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होतं. वस्तू निघाल्या तर कॉन्स्टँटिनोपलला जातील, त्यापेक्षा जमिनीतच राहू देत, असा विचार करून स्थानिकांनीच काम थांबवलं. त्याच्या घरातला संग्रह १८९८ च्या दंगलीत घराबरोबर जळाला. बिचाऱ्याचं नाव आज किती जणांना माहीत असतं? ट्रॉय खणणारा श्लीमानही मध्ये येऊन जमिनीचा भाव करून गेला, सौदा जमला नाही.

मग आला आर्थर एव्हान्स. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयाचा प्रमुख, घरचा श्रीमंत. त्यानं टेकडी चक्क विकत घेतली आणि मार्च १९०० मध्ये कुदळ मारली. पहिल्या काही दिवसांतच लिहिलेल्या मातीच्या पाट्या हाती आल्या, पुढच्या महिन्यात दगडी सिंहासनाची खोली. एकमेकींत गुंतलेल्या शेकडो खोल्या, जिने, भिंतीवर बैलावरून उड्या मारणाऱ्या तरुणांची चित्रं, जागोजागी दुधारी कुऱ्हाडीची खूण. हा मिनोसचा राजवाडा, हाच तो लॅबिरिन्थ, असं त्यानं ठरवून टाकलं. दुधारी कुऱ्हाडीला लिडियाच्या भाषेत 'लाब्रिस' म्हणत, म्हणून लॅबिरिन्थ म्हणजे कुऱ्हाडीचं घर. ही व्युत्पत्ती आज सगळ्यांना मान्य नाही. पण एव्हान्सनं संस्कृतीला जे नाव दिलं ते चिकटलं: मिनोअन. म्हणजे बघा, ते लोक स्वतःला काय म्हणत होते हे आपल्याला माहीत नाही, आणि त्यांना आपण ओळखतो ते शत्रूच्या गोष्टीतल्या खलनायकाच्या नावानं.

एव्हान्स नुसता खणून थांबला नाही. लाकडी खांब कुजून गेलेले, वरचे मजले ढासळायच्या बेतात. त्यानं ते परत उभे केले, आधी लाकूड-दगडात आणि मग १९२० च्या दशकात सरळ सिमेंट काँक्रीटमध्ये. आज नोसॉसचे जे लाल खांब प्रत्येक फोटोत दिसतात ते एव्हान्सचे आहेत. काही ठिकाणी इमारत वाचवायला ते गरजेचंच होतं, हे मान्य. पण काही ठिकाणी तो स्वतःच्या कल्पनेतला राजवाडा बांधत होता. चित्रांचंही तसंच. चार तुकडे सापडायचे, उरलेलं चित्र त्याचे चित्रकार पूर्ण करायचे. केशराची फुलं वेचणारा एक निळा मुलगा त्यांनी असाच पूर्ण केला. नंतर लक्षात आलं की तो मुलगा नाही, माकड आहे. शेपटीचा तुकडा होता, पण मुलाला शेपटी कशी असेल? म्हणून कोणी मनावर घेतला नसणार.

आपल्या गडांवर नव्या तटबंदीला सिमेंट लावलेलं बघून चिडणाऱ्या माझ्या ट्रेकर मित्रांना हे सांगितलं तर त्यांचं समाधान होईल की त्रास वाढेल, कोण जाणे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात रायगड, राजगड, प्रतापगड धरून आपले बारा किल्ले (त्यातला जिंजी तामिळनाडूतला) जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याच अधिवेशनात नोसॉससकट क्रीटचे सहा मिनोअन राजवाडेही गेले. बातम्यांमध्ये अर्थातच आपल्याकडे आपलंच आलं.

तर त्या पाट्या. एव्हान्सला नोसॉसला सुमारे ३,००० मिळाल्या, बऱ्याचशा तुकड्यांत. लिपीला त्यानं 'लिनिअर बी' नाव दिलं. वाचता मात्र आली नाही. आणि दुसऱ्यांना वाचू द्यायची घाईही त्याला नव्हती. १९४१ साली तो वारला तोवर बहुतेक पाट्या छापल्याच गेल्या नव्हत्या. सोर्स कोडवर बसून राहिलेला सिनियर, दुसरं काय!

१९३६ मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनात म्हाताऱ्या एव्हान्सनं शाळेच्या मुलांना या न वाचलेल्या पाट्या दाखवल्या. त्यात मायकेल व्हेंट्रिस नावाचा मुलगा होता, वय १४. चौथ्या पुस्तकातल्या पर्सीएवढा. त्यानं हे कोडं जे डोक्यात घेतलं ते सोडलंच नाही. १८ व्या वर्षी त्यानं वय लपवून एका अमेरिकन संशोधनपत्रिकेत लेख छापून आणला. पुढे तो झाला आर्किटेक्ट, जे अॅनाबेथला व्हायचंय. पुरातत्त्वाची पदवी नाही, भाषाशास्त्राची नाही. रोजचं काम करून उरलेल्या वेळात हा उद्योग.

पण व्हेंट्रिसच्या आधी अॅलिस कोबरचं नाव घ्यायला हवं, आणि ते नेहमी राहून जातं. ही ब्रुकलिन कॉलेजात शिकवायची. रात्री घरी येऊन चिन्हं मोजायची. कुठलं चिन्ह कुठल्या चिन्हाशेजारी किती वेळा येतं, शब्दाच्या सुरुवातीला किती, शेवटी किती. युद्धाच्या दिवसांत कागद मिळेना, म्हणून जुनी भेटकार्डं, चर्चची पत्रकं कापून तिनं त्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि सिगारेटच्या खोक्यांत रचून ठेवल्या. अशा सुमारे १,८०,००० चिठ्ठ्या! आपण जे आज दोन ओळींच्या क्वेरीत काढू ते तिनं हातानं केलं. त्यातून तिनं दाखवलं की या भाषेत शब्दांना प्रत्यय लागतात, मूळ तेच राहून शेपूट बदलतं. ही भाषा अमुक असणार असं धरून चालायला तिनं ठाम नकार दिला. १९५० मध्ये ती गेली, वय ४३. दोन वर्षांनी कोडं सुटलं.

सुटलं ते असं. व्हेंट्रिसची वर्षानुवर्षं खात्री होती की ही भाषा एट्रुस्कनच्या नात्यातली. ग्रीक असणं शक्यच नाही, एव्हान्सचंही तेच मत. कोबरच्या पद्धतीवर त्यानं चिन्हांचे तक्ते बसवले, त्यात क्रीटच्या गावांची नावं घालून पाहिली आणि शब्द उलगडायला लागले. ते चक्क ग्रीक निघाले. होमरच्या कित्येक शतकं आधीची ग्रीक. १ जुलै १९५२ रोजी त्यानं बीबीसी रेडिओवर हे जाहीर केलं. जॉन चॅडविक हा भाषातज्ज्ञ मग त्याच्या जोडीला आला. चार वर्षांनी व्हेंट्रिस मोटार अपघातात गेला, ३४ वर्षांचा.

आता इतक्या खटाटोपानंतर पाट्यांवर निघालं काय? महाकाव्य? राजाज्ञा? मिनोसची बाजू? छे. हिशेब! निव्वळ हिशेब. अमक्या गावी इतक्या मेंढ्या (सगळ्या मिळून लाखाच्या घरात), तमक्या बायकांना इतकी लोकर, रथाची इतकी चाकं. एका वर्षाचे कच्चे हिशेब, ओल्या मातीवर कोरून उन्हात वाळवलेले. काम झालं की पाणी मारायचं, पाटी पुन्हा कोरी. हे जपून ठेवायचा कोणाचाच विचार नव्हता. बहुतेकांच्या मते इ.स.पू. चौदाव्या शतकात राजवाड्याला आग लागली आणि त्या आगीत पाट्या विटेसारख्या भाजून निघाल्या, म्हणून उरल्या. सिस्टिम कोसळली आणि शेवटचे लॉग तेवढे वाचले, असा प्रकार. ज्यानं कधी रात्री दोन वाजता प्रॉडक्शनचे लॉग चाळलेत त्याला ठाऊक आहे की डॉक्युमेंटमध्ये जे लिहिलेलं असतं ते कोणाला तरी दाखवायला असतं, आणि लॉगला कोणाला काही दाखवायचं नसतं.

त्या लॉगमध्ये बैल आहेत. राक्षस नव्हेत, कामाचे बैल. आणि कारकुनानं त्यांची नावं लिहून ठेवलीत! एकाचं नाव काळ्या, एक पांढऱ्या पायाचा, एक दारूच्या रंगाच्या तोंडाचा. म्हणजे सरळ आपले ढवळ्या-पवळ्या. बैलाच्या डोक्याच्या नरभक्षकाची दंतकथा ज्या बेटाला चिकटली त्या बेटावर कोणीतरी दावणीला जाऊन कुठल्या बैलाला काय हाक मारतात ते विचारून आलं होतं. हे वाचल्यावर मी थोडा वेळ पुढे वाचलंच नाही.

आणि मग ती छोटी पाटी. दोन ओळींची. देवांना दिलेल्या मधाची नोंद. सगळ्या देवांना मिळून एक घडा. आणि 'दापुरितो'च्या 'पोत्निया'ला एक घडा. दापुरितो म्हणजे लॅबिरिन्थ, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पोत्निया म्हणजे मालकीण, स्वामिनी. आपला 'पत्नी' हा शब्द त्याच मुळातला. सगळ्या देवांना मिळून जेवढा मध, तेवढाच त्या एकटीला. आणखी एका पाटीवर तेलाच्या नोंदी आहेत, त्यात एक जागा येते 'दादालेइओन', म्हणजे डीडॅलसच्या नावाचं स्थान. तिथेही तेल पाठवलंय. नमनाला घडाभर नसेल, पण तेल आहे.

म्हणजे लॅबिरिन्थ हा शब्द अथेन्सच्या नाटककारांच्या आठ-नऊशे वर्षं आधी नोसॉसच्या कारकुनाला माहीत होता, आणि त्याच्या लेखी तिथे एक देवी होती, जिला मध जायचा. चौदा मुलांचा हिशेब कुठे नाही. मिनोटॉर नाही. मिनोस हे नावही राजा म्हणून कुठे येत नाही. दुसऱ्याच्या देवळाचा तुरुंग कसा होतो आणि त्यातल्या देवीच्या जागी राक्षस कसा येऊन बसतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

इथं जरा ब्रेक लावतो, कारण माझ्यातला वकील फार उत्साहात आलाय. या पाट्या ग्रीकमध्ये आहेत. म्हणजे त्या लिहिल्या गेल्या तोवर नोसॉसवर मुख्य भूमीवरून आलेल्या ग्रीकभाषकांचं राज्य झालेलं होतं. मूळ क्रीटवाल्यांची लिपी वेगळी, 'लिनिअर ए', आणि ती आजही वाचता आलेली नाही. आवाज थोडाफार काढता येतो, अर्थ नाही. तेव्हा ज्यांनी ते जिने बांधले आणि बैलावरून उड्या मारल्या त्यांचं म्हणणं अजून आपल्याकडे नाहीच. मधाची पाटी ही नव्या धन्याच्या कचेरीतली, जुन्या देवीबद्दलची. तिच्यावरून क्रीट निर्दोष ठरत नाही, अथेन्सचं आरोपपत्र तेवढं कच्चं ठरतं.

राहता राहिला तो आकार. भूलभुलैया म्हटलं की आपल्याला फाटे फुटणारे रस्ते आठवतात. इंजिनिअरिंगला सगळ्यांनी केलेला तो उंदराचा प्रोग्राम: पुढे जा, भिंत आली की मागे फिर, पुढची फट बघ. आरिआद्नेचा दोरा म्हणजे तोच बॅकट्रॅकिंगचा स्टॅक. पण प्राचीन काळी लॅबिरिन्थ म्हणून जी आकृती काढत त्यात फाटाच नसतो! एकच वाट, सात फेरे घेत मध्यापर्यंत जाते. तिथे चुकता येतच नाही, दोरा कशाला हवा? ही आकृती नोसॉसच्या पुढच्या काळातल्या नाण्यांवर आहे. सर्वात जुन्या नक्की कालखंडाच्या नमुन्यांपैकी एक ग्रीसमधल्या पायलोसच्या पाटीवर, इ.स.पू. १२०० च्या सुमारासचा. पुढच्या बाजूला कोणी किती बकऱ्या दिल्या याची यादी, आणि मागच्या बाजूला कारकुनानं उगाचच गिरवलेला लॅबिरिन्थ. मीटिंगमध्ये वहीच्या मागच्या पानावर आपण काढतो तसा.

आणि हाच फेऱ्यांचा आकार गोव्यात आहे. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या खडकावर तो कोरलेला आहे, आजूबाजूला बैल, हरणं. पण लगेच उड्या मारू नका, त्या चित्रांच्या वयाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, आणि क्रीटहून कोणी होडीतून आलं असं सांगणारा पुरावा कोणी दिलेला नाही. हळेबीडच्या बाराव्या शतकातल्या होयसळेश्वर मंदिरात मात्र याच जातीची आकृती स्पष्ट कारणासाठी आहे: तो अभिमन्यूचा चक्रव्यूह. एकाच आकृतीत शिरलेली दोन पोरं. अथेन्सवाल्याला बाहेरचा रस्ता सांगणारं कोणीतरी भेटलं. आपल्याला आत जायचं तेवढं माहीत होतं. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग त्याला कोणी दोरा का नाही दिला?" मी म्हटलं, बाहेर जयद्रथ उभा होता. तिला ते उत्तर पटलं नाही.

शेवटी एक ताजी गोष्ट. क्रीटमध्ये कास्तेली इथे नवीन विमानतळ होतोय. त्याच्या रडारसाठी जवळच्या पापूरा नावाच्या टेकडीचं टोक खणताना २०२४ साली एक दगडी बांधकाम निघालं. गोल, सुमारे ४८ मीटर व्यासाचं, एकात एक अशा आठ कड्यांचं, मधल्या दारांनी जोडलेलं. काळ इ.स.पू. २००० ते १७००, म्हणजे पाट्यांच्या कित्येक शतकं आधीचा, लिनिअर ए वाल्यांचा. वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी 'लॅबिरिन्थ सापडला' असे मथळे दिले. उत्खनन करणाऱ्यांनी तसं काही म्हटलं नव्हतं. जनावरांची हाडं पुष्कळ मिळाली, तेव्हा लोक तिथे अधूनमधून जमून जेवत असावेत, काही विधी करत असावेत, इतकंच त्यांचं म्हणणं. लिहिलेलं काही नाही. सरकारनं बांधकाम जपायचं आणि रडारसाठी दुसरी जागा शोधायची असं जाहीर केलं.